इंजिन उभे की आडवे?

गाडी घ्यायची ठरली की मध्यमवर्गीय घरात प्रश्नांची फैर झडते. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा पहिला प्रश्न. मग किंमत, हप्ता, रंग, डिकीत किती बॅगा मावतात, आणि घेण्याआधीच ‘उद्या विकायला काढली तर किती येतील?’ हेही. सगळे प्रश्न रास्त आहेत. पण मला विचाराल तर शोरूममध्ये शिरल्यावर आधी बॉनेट उघडायला सांगावे आणि एकच गोष्ट पाहावी. आतले इंजिन उभे बसवले आहे की आडवे?

प्रश्न मेकॅनिकने विचारावा असा वाटतो. पण त्याचे उत्तर घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्या मुलाचे पाय कुठे राहणार, सामानाला किती जागा उरणार, भर पावसात घाट चढताना गाडी कशी वागणार, वळणावर स्टिअरिंग हाताला काय सांगणार, एवढेच काय, गाडीचे नाक लांब दिसणार की आखूड, या सगळ्यांची मुळे त्या एका निर्णयात असतात.

आधी उभे आणि आडवे म्हणजे काय ते पाहू. इंजिनात पिस्टन खालीवर होतात आणि त्यांच्यामुळे एक जाडजूड दांडा फिरतो. तो क्रँकशाफ्ट. चार सिलिंडरचे इंजिन असेल तर हे चारही जण या दांड्यावर एका रांगेत उभे असतात. ही रांग गाडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे असली की इंजिन उभे. रांग एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे, म्हणजे गाडीच्या रुंदीत असली की इंजिन आडवे. एवढाच फरक.

पण दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांनी संसार मांडला आहे त्यांना ‘एवढाच फरक’ म्हणजे किती ते सांगावे लागणार नाही. तेच लोखंडी कपाट भिंतीला पाठ लावून ठेवले तर खोलीत चौघांची पंगत बसते, आणि तेच खोलीच्या मध्यात आडवे आले तर येणाऱ्या-जाणाऱ्याला अंग चोरून चालावे लागते. कपाट बदलत नाही, खोली बदलत नाही. राहणाऱ्यांचे आयुष्य मात्र बदलते. मोटारीचेही तसेच आहे.

घोड्याच्या जागी इंजिन

अगदी पहिल्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या. कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकीचे इंजिन बसणाऱ्यांच्या मागे होते. १८९१ साली फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर यांनी आपल्या पानार-लव्हासोर कंपनीच्या गाडीत इंजिन उचलून पुढे, म्हणजे घोड्याच्या जागी आणले. इंजिन पुढे आणि उभे, त्याच्या मागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स, आणि ताकद मागच्या चाकांना. १८९८ साली २१ वर्षांच्या लुई रनो यांनी साखळीऐवजी फिरता दांडा वापरून ही ताकद मागे पोचवली. मोटारीचा साचा ठरला तो असा, आणि पुढची साठेक वर्षे बहुतेक जगाने तो मुकाट्याने गिरवला.

या साच्यात एक सहजपणा होता. बॉनेट लांब, त्यात इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. मेकॅनिकचा हात कोपरापर्यंत आत जाई. इंजिनाचे तोंड पुढे असल्यामुळे त्याच्याच पट्ट्यावर फिरणारा पंखा थेट रेडिएटरवर वारा ओढी. पण या सहजपणाची किंमत बसणारे मोजत होते. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट माणसांच्या पायांखालून न्यावा लागे. त्यासाठी गाडीच्या तळाला मधोमध एक लांबट उंचवटा काढत. शिवाय उभ्या इंजिनाचा दांडा ज्या दिशेने फिरतो ती दिशा चाकांच्या दिशेशी काटकोनात असते. म्हणून मागे डिफरेन्शियलच्या दातेरी चाकांनी ती वळवून घ्यावी लागते, आणि या वळणावर थोडी ताकद वाया जाते.

मुंबईकराने हा उंचवटा वर्षानुवर्षे अनुभवला आहे. कुर्ल्याला बनणारी फियाट ११००, जिला १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, याच साच्यातली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मागे तिघे बसले की मधल्याचे गुडघे छातीशी येत. बहुधा घरातल्या सर्वांत लहान माणसाची तिथे रवानगी होई. त्यात कुणाचा दोष नव्हता; त्या जागेवर एका लोखंडी दांड्याचे आरक्षण होते. १९५७ पासून २०१४ पर्यंत बनलेल्या अ‍ॅम्बॅसेडरचेही इंजिन उभेच. ती मुळातच ऐसपैस होती म्हणून तिच्यात ते खुपले कमी.

सुएझचे संकट आणि दहा फुटांची गाडी

साचा मोडला तो टंचाईमुळे. १९५६ साली सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. लोक जर्मनीहून येणाऱ्या, बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या गाड्या घेऊ लागले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या गाड्यांचा मनस्वी तिटकारा. त्यांनी आपले अभियंते अ‍ॅलेक इसिगोनिस यांना सांगितले, खरीखुरी छोटी मोटार करा. मात्र इंजिन आपल्याकडे तयार असलेलेच वापरा.

इसिगोनिस यांचा जन्म १९०६ साली तुर्कस्तानातल्या स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीरचा. त्यांनी कोडे उलट बाजूने सोडवायला घेतले. आधी इंजिन आणि मग उरलेल्या जागेत माणसे, असे न करता आधी चार माणसे बसवली आणि मग इंजिनाला जागा शोधली. गाडीची लांबी जेमतेम दहा फूट. त्यात चार सिलिंडरचे इंजिन उभे मावणे अशक्य. तेव्हा त्यांनी ते आडवे फिरवले आणि ताकद पुढच्याच चाकांना दिली. प्रोपेलर शाफ्ट गेला आणि त्याच्याबरोबर काटकोनातले वळणही गेले, कारण आता इंजिनाचा दांडा आणि चाकांचा आस समांतर झाले होते. राहिला गिअरबॉक्स. आडव्या इंजिनाच्या शेजारी त्याला जागा नव्हती, म्हणून तो त्यांनी इंजिनाच्या खाली, ज्याला आपले मेकॅनिक ‘चेंबर’ म्हणतात त्या तेलाच्या भांड्यातच बसवला. चाके अवघी दहा इंची ठेवली, म्हणजे तीही आत घुसणार नाहीत.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये ही गाडी बाजारात आली. तीच मिनी. इंजिन ८४८ सीसीचे. गाडीने व्यापलेल्या जागेपैकी सुमारे ८० टक्के जागा माणसे आणि सामान यांच्या वाट्याला आली. इंजिन आडवे बसवणारे इसिगोनिस पहिले नव्हते. जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने १९३१ साली ते केले होते, आणि जपानमध्ये सुझुकीची १९५५ सालची पहिली गाडीही तशीच होती. पण ती इंजिने दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. चार सिलिंडरचे नेहमीचे इंजिन आडवे घालून चौघांच्या कुटुंबाला दहा फुटांत बसवता येते, हे जगाला पटवले मिनीने.

अडचणीही आल्याच. इंजिन फिरवल्यावर डिस्ट्रिब्यूटर थेट पुढच्या जाळीमागे आला आणि पावसात भिजून गाडी बंद पडू लागली. रेडिएटर कडेला, चाकाच्या कमानीशी सरकवावा लागला. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात नांदत असल्यामुळे तेल वेळच्या वेळी बदलणे आले. कोडे सुटले होते, पण उत्तर अजून नीटनेटके झाले नव्हते.

पद्मिनीच्या जनकाचे दुसरे उत्तर

ते नीटनेटके केले इटलीत, दान्ते जियाकोसा यांनी. ज्या फियाट ११०० पासून आपली पद्मिनी निघाली ती १९५३ सालची गाडी जियाकोसा यांच्याच हाताखाली घडलेली. म्हणजे ज्यांच्या गाडीत आपण गुडघे छातीशी घेऊन बसलो, त्यांनीच तो उंचवटा घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग शोधून काढला.

मधल्या काळात त्यांनी आणखी एक वाट चोखाळली होती. १९५५ च्या फियाट ६०० मध्ये त्यांनी इंजिन मागे नेले. जर्मनीची बीटलही तशीच. इंजिन मागे नेले की प्रोपेलर शाफ्ट लागत नाही, पण सगळे वजन शेपटीकडे जाते आणि सामानाची जागा आक्रसते. आपल्या टाटांनी २००८ साली लोकांपुढे आणलेल्या नॅनोने हीच वाट धरली होती. तिचे ६२४ सीसीचे इंजिन मागच्या सीटखाली होते.

जियाकोसा यांचा अंतिम तोडगा असा. इंजिन आडवेच ठेवायचे, पण गिअरबॉक्स चेंबरमध्ये न कोंबता इंजिनाच्या टोकाला, त्याच रेषेत जोडायचा. मग डिफरेन्शियल मधोमध येत नाही, एका बाजूला सरकते. तर सरकू द्यावे. एका चाकाकडे जाणारा दांडा लांब, दुसरा आखूड. फियाटने सावधपणे आधी १९६४ साली ऑटोबियांकी प्रिम्युला या दुय्यम नावाच्या गाडीवर हा प्रयोग केला आणि मग १९६९ साली फियाट १२८ आणली. १२८ मध्ये रेडिएटर पुन्हा समोर आला. इंजिनाचे तोंड कडेला असल्यामुळे पंख्याला विजेची स्वतंत्र मोटर दिली. पुढे जगातल्या बहुतेक लहान गाड्यांनी हीच मांडणी स्वीकारली.

आपल्याकडे ती घरोघर पोचवली मारुतीने. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन, आडवे, पुढची चाके ओढणारे. अ‍ॅम्बॅसेडरची सवय असलेल्या मंडळींनी तिला ‘डबा’ म्हणून हिणवले. पण अ‍ॅम्बॅसेडरहून सुमारे एक मीटर आखूड आणि वजनाला जवळजवळ निम्म्या असलेल्या त्या डब्यात आई, वडील, दोन मुले आणि आजी बसून देवदर्शनाला जाऊ लागली, हे चमत्कार म्हणून नव्हे. पायांखालचा दांडा गेला होता आणि बॉनेटची लांबी माणसांना मिळाली होती. गंमत म्हणजे त्याच कंपनीच्या १९८४ सालच्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली उभे होते आणि ताकद मागच्या चाकांना जात होती. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला पुढे बसलेल्यांना बुडाखालच्या ऊबेवरून ते आपोआप कळे.

हाताला काय कळते?

इथवर जागेची गोष्ट झाली. आता चालवणाऱ्याची. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या खंडाळ्याच्या घाटात, कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालवल्या आहेत. फरक अंगाला जाणवतो.

गाडी जागेवर उभी असताना अ‍ॅक्सिलरेटर जरा झटका देऊन दाबा. उभ्या इंजिनाची गाडी कुशीवर वळल्यासारखी डावी-उजवीकडे हलते, कारण तिचे इंजिन त्या दिशेने गिरकी घेऊ पाहते. आडव्या इंजिनाचे हेलकावे पुढे-मागे असतात. पद्मिनीच्या नंतरच्या उभ्या इंजिनाच्या कित्येक गाड्यांत गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्समधूनच वर येतो, म्हणून गिअर पडल्याची खूण हाताला स्पष्ट मिळते. आडव्या मांडणीत मधे केबल किंवा जोडदांडे येतात आणि ती खूण थोडी बोथट होते.

स्टिअरिंगचा फरक याहून मोठा. मागची चाके ढकलत असली की पुढच्या चाकांना वळण्याखेरीज काम नसते, त्यामुळे रस्त्याचा निरोप स्टिअरिंगवर स्वच्छ पोचतो. आडव्या इंजिनाच्या गाडीत पुढच्या चाकांनीच ओढायचे आणि त्यांनीच वळायचे. ताकदवान गाडीत एकदम वेग दिला तर स्टिअरिंग एका बाजूला खेचल्यासारखे वाटते. जियाकोसा यांच्या त्या लांब-आखूड दांड्यांचा यात वाटा आहे. चाक वळलेले असतानाही ताकद पोचवणारे खास सांधे तिथे लागतात. त्यांवरचा रबरी बूट फाटून आत चिखल गेला की पूर्ण वळणावर ‘कट कट’ आवाज येऊ लागतो. मारुतीवाल्यांना तो पाठ आहे.

पावसाळ्यात ही माहिती केवळ गमतीची राहत नाही. आडव्या इंजिनाच्या गाडीचे निम्म्याहून बरेच जास्त वजन पुढच्या चाकांवर असते. सपाट, निसरड्या रस्त्यावर ही चाके घट्ट पकड घेतात आणि नवशिक्याला सांभाळून घेतात. पण मागे तिघे, डिकी भरलेली आणि समोर खडा चढ, अशी वेळ आली की वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरू लागतात. उभ्या इंजिनाच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हाच चढ मानवतो. जितके ओझे मागे तितकी पकड पक्की. ‘घाटात जुनीच गाडी बरी’ असे म्हणणाऱ्या टॅक्सीचालकांचे बोलणे निव्वळ आठवणीतले प्रेम नसते, त्यात पदार्थविज्ञान असते.

उतारावर आणि वळणावर मात्र पारडे फिरते. वळणात वेग जास्त झाला तर आडव्या इंजिनाची गाडी सहसा नाकाने बाहेर, सरळ जाऊ पाहते. अ‍ॅक्सिलरेटर हलकेच सोडला की बहुधा पुन्हा वळणावर येते. मागच्या चाकांच्या गाडीत जास्त ताकद दिली तर शेपटी बाहेर फेकली जाते. ती सावरायला अ‍ॅक्सिलरेटर हलकेच कमी करून शेपटी जाते त्याच दिशेला स्टिअरिंग फिरवावे लागते, आणि हे सरावाशिवाय जमत नाही. दोन्हींत घाबरून ब्रेक दाबून धरणे वाईटच. आता बहुतेक गाड्यांत चाकांची घसरण ओळखणारी इलेक्ट्रॉनिक मदत असते. पण गाडीचा मूळ स्वभाव तिच्याखाली शिल्लक राहतोच.

मग उभे इंजिन गेले का?

नाही, आणि त्याची कारणे चांगली आहेत. पुढच्या चाकांमध्ये आडवे इंजिन आणि गिअरबॉक्स दाटीवाटीने बसले की चाकांना वळायला जागा कमी उरते. लंडनच्या टॅक्सीला २५ फुटांच्या वर्तुळात वळता आलेच पाहिजे असा नियम आहे. तिथे मागची चाके चालवणे सोयीचे ठरत आले. सहा-आठ सिलिंडरची लांबलचक इंजिने आडवी मावत नाहीत, म्हणून १९९५ पासून पुण्यात जोडल्या जाणाऱ्या मर्सिडीजच्या ई-क्लासला ते डौलदार लांब नाक मिळाले. स्कॉर्पिओसारख्या भक्कम चौकटीच्या गाड्यांतही इंजिन उभेच, कारण तिथून चारी चाकांना ताकद वाटणे सोपे जाते.

पण ओघ कुठे आहे ते इनोव्हाने दाखवले. २००५ साली आपल्याकडे आलेली इनोव्हा उभ्या इंजिनाची, मागच्या चाकांवर चालणारी. २०२२ साली तिच्याच नावाची हायक्रॉस आली ती आडव्या इंजिनाची, पुढची चाके ओढणारी. घराघरांत वाद झडले : आत जागा मोकळीढाकळी झाली हे खरे, पण ‘ती’ मजबुती आणि घाटातला ‘तो’ जोर? खुद्द बीएमडब्ल्यूने, जिने उभ्या इंजिनावर आपली कीर्ती उभारली, २०१९ साली आपल्या धाकट्या १ सीरिजचे इंजिन आडवे केले.

आणि आता हा सारा वादच मागे पडेल अशी चिन्हे आहेत. विजेच्या गाडीची मोटर लहान असते. चाकांच्या आसाशेजारी कुठेही बसते. बॅटरी तळाखाली पसरते, बॉनेटखालचा बराच भाग रिकामा राहू शकतो. २०२४ च्या नोव्हेंबरात महिंद्राने चाकणला बनणाऱ्या दोन विजेच्या गाड्या सादर केल्या, त्यांची मोटर मागच्या चाकांपाशी आहे. म्हणजे मागच्या चाकांची ढकलगाडी परत आली, आणि मधल्या माणसाच्या पायांखालचा दांडा मात्र परत आला नाही. दोन्ही साच्यांतले चांगले तेवढे एकत्र आले असे म्हणायला हरकत नाही.

वयोमर्यादा संपल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निघून गेली तेव्हा अनेकांचे डोळे ओलावले. तिचे कौतुक रास्तच होते. तिने ओझे वाहिले, घाट चढले, कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होऊन ती पुन्हा धावली. पण त्या कौतुकाच्या गर्दीत तिच्या मागच्या सीटवर मध्ये बसलेल्या मुलाचाही विचार व्हावा. इसिगोनिस आणि जियाकोसा यांनी जे केले ते त्या मुलासाठी. इंजिन तेच, त्याला फक्त काटकोनात फिरवले आणि दांड्याची जागा माणसाला दिली.

म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा बॉनेट उघडून पाहाच. पण त्यानंतर मागचे दार उघडा, मधोमध बसा आणि पाय खाली टेकवा. गाडी बनवणाऱ्याने आधी कोणाचा विचार केला, हे तुमच्या गुडघ्यांना लगेच समजेल.